टेकू

सकाळी आठच्या वर्गाला तो थेट गोदामातून यायचा. रात्रपाळी नुकती संपलेली, अंगात अजून ते पिवळं चमकणारं जॅकेट, हातात पेट्रोल पंपावरची कॉफी. बसायचा मात्र पहिल्या बाकावर. "मागे बसलो तर झोप लागेल, मिस," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. वय एकेचाळीस, काम फोर्कलिफ्ट चालवण्याचं. बीजगणिताशी शेवटची गाठ पडली त्याला चोवीस वर्षं झाली होती.

मी कॅलिफोर्नियात, सॅन वाकीन खोऱ्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, गणित शिकवते. एकाच नव्हे, दोन कॉलेजांत, पार्ट-टाइम. आमच्यासारख्यांना इथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात, कारण आमचं अर्धं आयुष्य या कॉलेजातून त्या कॉलेजात जाताना हायवेवर जातं. ट्रेसी गावाहून निघालं की दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा. शरदात झाडं झोडपून झालेली असतात आणि सगळीकडे धूळ, फेब्रुवारीत मात्र अख्खं खोरं पांढरं-गुलाबी. माझे विद्यार्थी याच बागांमधल्या, टोमॅटोच्या कारखान्यांमधल्या, ट्रकवाल्यांच्या घरातले. निम्म्याहून जास्त मुलं घरी स्पॅनिश बोलतात. एखादा पंजाबी मुलगा असतो, तो वर्गात 'प्रोफेसर' आणि वर्गाबाहेर 'आंटीजी' म्हणतो.

मी शिकवते तो मुख्य विषय 'कॉलेज अल्जेब्रा'. आणि त्याला जोडून, त्याच मुलांना, त्याच आठवड्यात घ्यायचा एक पुरवणी वर्ग. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आहे, सगळे नुसतं 'सपोर्ट' म्हणतात. ज्यांचं आधीचं गणित सुटलंय त्यांनी आधी मागचं शिकायचं नाही. थेट पुढच्या वर्गात बसायचं आणि मागचं जे जे लागेल ते या पुरवणी वर्गात, लागेल तेव्हा उचलायचं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही शुद्ध फसवणूक वाटली होती.

वाटणारच. मी सांगलीची. आजोबा हळदीच्या बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांना बीजगणित येत नव्हतं, आणि त्याची त्यांना गरजही वाटली नाही. मी क्ष काढायला बसले की म्हणायचे, "शोधत कशाला बसलीस, ज्याला ठाऊक आहे त्याला विचार की!" पण तोंडी हिशेब असा की कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत त्यांचा आकडा तयार. संध्याकाळी दिवे लागले की मला पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी म्हणायला बसवायचे. एक दिडे दीड, दोन दिडे तीन, तीन दिडे साडेचार. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. अडखळले तिथून पुढे नाही, पहिल्यापासून! शाळेतही तेच, कॉलेजातही तेच. पाया पक्का करा. कच्च्या पायावर माडी चढत नाही. बी.एस्सी.ला गणित घेतलं, लग्न होऊन इकडे आले, काही वर्षांनी इथेच एम.एस. केलं आणि शिकवायला लागले, तोवर हे वाक्य माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की ते वाक्य आहे हेही मी विसरले होते.

इथलीही जुनी पद्धत पायाचीच होती. कम्युनिटी कॉलेजात कुणालाही प्रवेश मिळतो. आल्या आल्या संगणकावर एक चाचणी द्यायची. तासाभराच्या त्या चाचणीत अपूर्णांकांवर घसरलात की तुमची रवानगी थेट खालच्या मजल्यावर. प्री-अल्जेब्रा, मग एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट आणि मग कुठे कॉलेज अल्जेब्रा. खालच्या तिन्ही वर्गांचं क्रेडिट पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात धरत नसत. फी भरा, वेळ द्या, आणि दीड वर्षाने सुरुवातीच्या रेषेवर या. मला यात काही वावगं दिसत नव्हतं. कच्चं आहे ना? मग पक्कं करा.

२०१७ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी एबी ७०५ या कायद्यावर सही केली आणि हा जिना मोडायला घेतला. मुलाचं शाळेतलं चार वर्षांचं प्रगतिपुस्तक बघा, एका तासाची चाचणी नको. आणि वरच्या वर्गात तो पास होण्याची शक्यता अगदीच नगण्य आहे हे दाखवता येत नसेल, तर त्याला खालच्या वर्गात अडकवू नका. २०१९ च्या शरदापासून हे सक्तीचं झालं. स्टाफरूममध्ये सुतकी चेहरे होते, माझाही त्यातलाच. "आता अपूर्णांक न येणाऱ्यांना लॉगॅरिदम शिकवायचं," असं मी घरी येऊन नवऱ्याला तावातावाने सांगितलं. तो प्रोग्रॅमर. म्हणाला, "मला तरी अपूर्णांक कुठे येतात?" या विनोदावर मी तेव्हा हसले नाही.

माझं मत कायद्याने बदललं नाही. बदललं ते एका साध्या गुणाकाराने. दुसऱ्या कॉलेजातल्या एका ज्येष्ठ सहकारिणीने मला फळ्यावर तो करायला लावला. समज, प्रत्येक वर्गात शंभरातले सत्तर पास होतात. वाईट नाही ना? वाईट नव्हतं, आमच्याकडे सत्तर म्हणजे पेढे वाटण्याची गोष्ट. आणि समज, पास झालेल्यांतले ऐंशी टक्के पुढच्या वर्गात नाव घालतात. बाकीच्यांना नोकरी लागते, मूल होतं, गाडी बंद पडते. आता चार वर्ग आणि मधले तीन उंबरठे यांचा गुणाकार कर. सत्तर, ऐंशी, सत्तर, ऐंशी, सत्तर, ऐंशी, सत्तर. शंभर मुलांतली बारा उरली.

कुणीही वाईट शिकवलं नाही, कुणी आळशी नव्हतं, आणि तरी अठ्ठ्याऐंशी मुलं जिन्यात सांडली. हा गुणाकार मला सातवीत येत होता. वर्षानुवर्षं त्याच जिन्यावर उभी राहून मी तो केला मात्र नव्हता.

तिनेच मला न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतला प्रयोग दाखवला. २०१३ मध्ये त्यांनी रिमेडियल, म्हणजे खालचे वर्ग, लागलेल्या नऊशेवर मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं प्राथमिक बीजगणित, दुसऱ्याला तेच अधिक दर आठवड्याची कार्यशाळा, तिसऱ्याला थेट कॉलेजचं संख्याशास्त्र अधिक कार्यशाळा. पास झाले अनुक्रमे साधारण ३९, ४५ आणि ५६ टक्के. म्हणजे ज्यांना 'खालचं' जमत नाही असं ठरवलं होतं, त्यांना 'वरचं' जास्त जमलं. संख्याशास्त्र आणि बीजगणित यांची तुलना करता येते का, यावर मी तिच्याशी अर्धा तास भांडले. अजूनही भांडेन. पण घरी येताना हायवेवर मला आमचं सांगलीच्या गावभागातलं घर आठवलं.

२००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं. पाणी ओसरलं तेव्हा खालच्या मातीच्या भिंती ढोपरापर्यंत खाऊन टाकलेल्या. घर पाडून नव्याने बांधायला पैसे नव्हते. म्हाताऱ्या गवंड्याने भिंत ठोकून पाहिली, तुळया पाहिल्या आणि सागवानी वाशांचे टेकू आणले. तुळईखाली टेकू द्यायचा, हातभर भिंत खालून काढायची, दगड-चुन्यात बांधायची, ती धरली की टेकू पुढे सरकवायचा. हे चाललं दीड-दोन महिने. आणि एवढे दिवस आम्ही वर माडीवर राहत होतो! आई वर स्टोव्हवर भाकरी करायची, खाली पाया बदलत होता. आधी पाया आणि मग माडी, या नियमाच्या बरोबर उलट. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी वर्गात पायाचंच पालुपद लावत होते.

पुरवणी वर्गाची गंमत अशी की टेकू कुठे द्यायचा हे आधी कळत नाही. पहिल्या वर्षी मी तिथे आठवीचं पुस्तक पहिल्या पानापासून शिकवायला घेतलं. तिसऱ्या आठवड्यात अर्धा वर्ग गायब. त्यांनी ते सगळं शाळेत दोनदा ऐकलेलं होतं, आणि पुन्हा ऐकायची लाज वाटत होती. मग मी छोट्या कोऱ्या कार्डांवर आले. वर्गात शिरताना एक कार्ड उचलायचं, आज मुख्य वर्गात कुठे अडलं ते एका ओळीत लिहायचं, नाव घालायचं नाही. माझा तास त्या गठ्ठ्यावर चालतो. 'कळलं नाही' असं लिहिलेली कार्डं बाजूला जातात. 'तिसऱ्या ओळीतून चौथी कशी आली' असं लिहिलेलं कार्ड म्हणजे सोनं.

२०२३ च्या शरदातली एक सकाळ. अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा, शिरोबिंदू काढायचा होता. २क्ष² − १२क्ष + ७. सूत्र: उणे ब भागिले दोन अ. अ म्हणजे क्ष²च्या आधीचा आकडा, ब म्हणजे क्षच्या आधीचा. एकोणीस वर्षांची एक मुलगी, अक्षर मोत्यासारखं, तिने लिहिलं: उणे बारा भागिले चार, म्हणजे उणे तीन. फोनवर डेस्मॉस या ॲपने आलेख काढला तर शिरोबिंदू अधिक तीनवर. ती म्हणाली, फोन चुकलाय.

मी विचारलं, उणे का लावलंस? "सूत्रात आहे म्हणून." बरोबर. मग ब किती? "बारा." नीट बघ. "...उणे बारा. पण उणे मी लावलंय ना, मिस. ते काय एकच तर आहे."

एवढंच अडलेलं होतं. तिला नकारात्मक संख्या येत होत्या, वजाबाकी येत होती, सूत्र पाठ होतं. फक्त तिथे दोन वेगवेगळी उणे चिन्हं आहेत, एक सूत्राचं आणि एक आकड्याचं, हे तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं. एकाच खुंटीवर दोन टोप्या आहेत, आणि तिला एकच दिसत होती. जुन्या व्यवस्थेत या एका टोपीपायी तिला तीन सत्रं मागे पाठवलं असतं.

मला अशा वेळी मराठीचा हेवा वाटतो. म्हणजे माझाच मला. आपल्याकडे शाळेतल्या मुलालासुद्धा उणे संख्या 'ऋण' म्हणूनच भेटते. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या बीजगणितातही धन आणि ऋण हेच शब्द आहेत, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. शब्दातच अर्थ आहे. इंग्रजीतल्या 'निगेटिव्ह'मध्ये फक्त मनाई ऐकू येते. तेव्हा मी वर्गाला सांगितलं, उणे म्हणजे कर्ज. उणे बारा म्हणजे बारा डॉलर देणं. आता त्या देण्याच्या पुढे आणखी एक उणे, म्हणजे कुणीतरी ते देणं काढून घेतलं. तुमच्या खिशाला काय झालं?

फोर्कलिफ्टवाला पहिल्या बाकावरून म्हणाला, "माझं देणं कुणी काढून घेतलं? असं होतं का कधी?" सगळे हसले. मग मागून कुणीतरी म्हणालं, होणार होतं की! सरकार विद्यार्थी-कर्जातले दहा हजार डॉलर माफ करणार होतं, जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ती माफीच रद्द केली. "म्हणजे उणे, उणे, उणे दहा हजार," मोत्यासारख्या अक्षराची ती मुलगी हळूच म्हणाली. "म्हणजे परत उणेच."

कर्जमाफी हा शब्द आम्हां मराठी माणसांना किती जवळचा आहे हे त्यांना कसं सांगू? मी फळ्यावर तीन उणे चिन्हं काढली आणि पुढच्या कार्डाकडे वळले.

दुसरं नेहमीचं दुखणं बरोबरच्या चिन्हाचं. २क्ष + ६ = १४ = ८ = ४. असं मुलं सर्रास लिहितात आणि उत्तर बरोबर काढतात. चौदा बरोबर आठ बरोबर चार! आकड्यांमध्ये इतकी समता कुठल्या घटनेतही नसेल. त्यांच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर येतंय, सावध', कॅल्क्युलेटरचं बटण दाबल्यासारखं. १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श गृहस्थाने दोन समांतर रेघा निवडल्या, कारण त्यांच्याहून अधिक सारख्या दोन गोष्टी त्याला सुचेनात. हे सांगितलं की मुलं जरा थबकतात. त्याहून जास्त थबकतात ती 'अल-जब्र' या शब्दापाशी. मोडलेलं पुन्हा सांधणं, असा त्याचा अर्थ. जुन्या स्पॅनिशमध्ये 'अल्जेब्रिस्ता' म्हणजे चक्क हाडवैद्य. एकाने घरी आजीला विचारलं, तिला तो शब्द ठाऊक नव्हता, पण गावात हाडं बसवणारी बाई होती तिची गोष्ट तिने तासभर सांगितली म्हणे. गृहपाठ राहिला तो राहिलाच.

पण सगळ्यात जड असतं ते कार्डावर येत नाही. 'मी मॅथ पर्सन नाही' हे वाक्य मी दर सत्रात ऐकते, आणि ते असं म्हणतात जसं 'मी डावखुरा आहे'. आपल्याकडे म्हणतात, 'माझं गणित कच्चं आहे.' कैरीही कच्चीच असते. त्या शब्दात निदान अढी घालायची सोय आहे. इथे मात्र माणूसच बाद. वर्गातली ती एकोणीस वर्षांची मुलगी चार तास चुकली तेव्हा मी जरा कडक आवाजात विचारलं. आईला दवाखान्यात न्यायचं होतं. आईला इंग्रजी येत नाही, डॉक्टरांशी बोलायला हीच. इन्शुरन्सचे आकडे, औषधांची मात्रा, दिवसाला किती मिलिग्रॅम, हप्ता किती, सगळं तीच दोन भाषांतून इकडून तिकडे नेते, बारा वर्षांची असल्यापासून. आणि ही मुलगी मॅथ पर्सन नाही! मी तिला तसं काही म्हटलं नाही. शिकवणीतल्या बाईने कौतुक केलं की मुलं अंग चोरतात, हे मला माझ्यावरून माहीत आहे. तिला फक्त चुकलेल्या चार तासांची कार्डं दिली, दुसऱ्यांनी लिहिलेली. त्यातली तीन तिने स्वतः सोडवली आणि पुढच्या वेळी शेजारच्याला समजावली. त्या सत्रात तिला 'बी' ग्रेड मिळाली.

इथे थांबले तर ही गोष्ट फार गोड होईल, आणि ती तशी नाही.

फोर्कलिफ्टवाला अकराव्या आठवड्यात यायचा बंद झाला. नोव्हेंबर, गोदामातला मोसम, सक्तीचा ओव्हरटाइम. मी ईमेल पाठवले. आधी उत्तर यायचं, मग ते थांबलं. त्याला चोवीस वर्षांची गंजलेली बिजागरी हलवायची होती, आणि माझ्याकडे होता आठवड्यातला एक पुरवणी तास. त्याला खरंच तो सावकाशीचा खालचा वर्ग हवा होता, जो मी आधी डोक्यावर घेतला आणि मग डोक्यावरून उतरवला. तो वर्ग आता आमच्या कॉलेजात नाही. २०२२ च्या दुसऱ्या कायद्याने, एबी १७०५ ने, ही कात्री आणखी पुढे नेली. त्या बाराऐवजी आता किती उरतात याचे आलेख आम्हाला बैठकीत दाखवतात, आणि ते खरे आहेत. पण टेकू दिल्यावरही एखादी भिंत बसते. आमच्याही घराची मागची, न्हाणीघराची भिंत बसलीच होती. गवंडी म्हणाला होता, हिला आधी वाळू द्यायला हवी होती. कायद्याला वाट बघायची सवड नसते, आणि ओव्हरटाइमलाही.

पार्ट-टाइम शिक्षकांना तिथे ऑफिस नसतं. मी ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसते. फेब्रुवारीत, बागा फुललेल्या असताना, एका संध्याकाळी ते पिवळं जॅकेट टेबलासमोर येऊन उभं राहिलं. पाळी बदलून घेतली होती. परत नाव घातलं होतं, संध्याकाळच्या वर्गात, दुसऱ्या शिक्षकाकडे. "चालेल ना, मिस?" म्हणत त्याने वही काढली. जुनीच वही. नोव्हेंबरात जिथे सोडली होती त्याच्या पुढच्या पानावर नवी तारीख घातली होती.

कार्ड नव्हतं म्हणून मी तोंडीच विचारलं, कुठे अडलं? त्याने बोट ठेवलं.

लॉग (क्ष + ३) = लॉग क्ष + लॉग ३.

ही चूक मी शेकड्यांनी पाहिली आहे. कंस दिसला की त्यात लॉग वाटून टाकायचा. मी चूक म्हटलं नाही. म्हटलं, क्षच्या जागी एक घालून बघ. त्याने फोन काढला. लॉग चार, शून्य पूर्णांक सहा शून्य दोन. लॉग एक शून्य, लॉग तीन शून्य पूर्णांक चार सात सात. "जमत नाही," तो म्हणाला. मग दोन घातले. जमलं नाही, पण उलट्या बाजूने, आता उजवीकडचं मोठं झालं. तो बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिला.

"एकाला डावं मोठं, दोनला उजवं मोठं," तो म्हणाला. "मग मधे कुठेतरी बरोबर असणार ना?"

इतकी वर्षं मी त्या ओळीवर लाल काट मारत आले होते. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी त्याच्या हातात पेन्सिल दिली. उजवीकडचे दोन लॉग एकत्र केले की काय होतं, हे त्याला आठवलं: लॉग तीन क्ष. दोन्हीकडचे लॉग उतरवले. क्ष अधिक तीन बरोबर तीन क्ष. तीन बरोबर दोन क्ष. बरोबरची चिन्हं त्याने एकाखाली एक लिहिली, एका ओळीत नाही.

क्ष बरोबर दीड.

तो फोनवर पडताळा घ्यायला लागला. दीड अधिक तीन. माझ्या तोंडून, मराठीतूनच, बाहेर पडलं, "तीन दिडे साडेचार."

"काय म्हणालात, मिस?"

"काही नाही," मी म्हटलं. "बघ, येतंय का."